गणपतीमागचं चक्र फिरवायला घेतलेली दीडशे रुपयांची मोटर: गणपती आणि दिवाळी, दोन्ही झाल्यावरचा रिव्ह्यू

"काय रे, बाप्पामागे एक्झॉस्ट फॅन का लावलायस?" असं बाबा २०२३ ला म्हणाले होते, सगळे पाहुणे बसलेले असताना, आणि तो शब्द मला इतका लागला की पुढची दोन वर्षं मी मोटरीच मोटरी घेत सुटलो. आता तिसऱ्या वर्षी जे जमलंय ते लिहून ठेवतो कारण दर श्रावणात कोणी ना कोणी विचारतंच, मखरामागचं चक्र फिरवायला कोणती मोटर घेऊ.

तर रिव्ह्यू मुख्यतः २८बीवायजे-४८ या छोट्या स्टेपर (म्हणजे एकेक पाऊल टाकत फिरणाऱ्या) मोटरचा आहे, ५ व्होल्टवाली, सोबत यूएलएन२००३ चा हिरवा किंवा निळा ड्रायव्हर बोर्ड (मोटरला करंट पुरवणारा) येतो ती. मला सेट दीडशेला पडला. बाकीच्या मोटरी येतील मधेमधे कारण त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय हिचं गुण-अवगुण कळायचं नाही.

आधी ती एक्झॉस्ट फॅनवाली. रोबोटच्या खेळण्यातल्या गाडीला असते ना पिवळी प्लास्टिकची, बीओ मोटर म्हणून मिळते, ती होती. स्वस्त, पन्नास-साठ रुपयांत. तिच्यावर ६० आरपीएम लिहिलेलं, मी म्हटलं साठ म्हणजे कमीच की, पण मिनिटाला साठ म्हणजे सेकंदाला एक फेरी होते हे डोक्यातच आलं नाही, आणि दोन फुटांवरून सेकंदाला एक फेरी घेणारं सोनेरी चक्र बघितलं की खरंच गरगरतं. मग स्पीड कमी करायला पीडब्ल्यूएम (वीज झपाझप चालू-बंद करायची पद्धत) लावला तर एका मर्यादेखाली ती फिरेचना, नुसती कुंईईई करत बसायची, बोटाने ढकलून सुरू करावी लागायची. आवाज तर विचारू नका. आरतीत टाळ-झांजा आहेत तोवर ठीक, मंत्रपुष्पांजलीला सगळे शांत उभे राहिले की मागून खर्रर्र. चक्रासाठी ही मोटर घेऊच नका, विषय संपला.

२०२४ ला पुण्याच्या तपकीर गल्लीतून सिंक्रोनस मोटर आणली. मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी फिरवते ती चपटी गोल मोटर, थेट २३० व्होल्टवर चालते, ४ वॅट खाते, वर ५/६ आरपीएम असं छापलेलं असतं. ते ५/६ म्हणजे काय हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं, ते असं आहे की आपल्याकडे ५० हर्ट्झची वीज म्हणून ५ फेऱ्या, अमेरिकेत ६० हर्ट्झ म्हणून ६. म्हणजे स्पीड विजेच्या हर्ट्झशी बांधलेला, तुम्ही काहीही करा तो बदलत नाही. आमच्या काकांनी "पंख्याचा रेग्युलेटर लाव की" असं सुचवलं, लावून बघितला, मोटर आधी तेवढ्याच स्पीडने फिरत राहिली आणि मग एकदम बंद पडली. मधलं काही नाहीच.

पण खरं सांगू का, ज्यांना कोडबिड नकोय त्यांनी हीच घ्यावी. दोन वायरी, प्लग, झालं काम. आवाज जवळजवळ नाही. मिनिटाला ५ फेऱ्या हा चक्राला शोभणारा स्पीड आहे. तरी मी ती सोडली त्याची दोन कारणं. पहिलं म्हणजे ही मोटर कुठल्या दिशेने फिरेल ते तिचं तिलाच माहीत नसतं. चालू करताना आतला रोटर ज्या बाजूला आधी सटकेल तिकडे. बऱ्याच मोटरींच्या पाठीवर सीडब्ल्यू/सीसीडब्ल्यू (घड्याळाच्या दिशेने/उलट) दोन्ही छापलेलं असतं ते याचसाठी, मला वाटलेलं आपल्याला निवडता येतं! मधेच काही अडलं तर लगेच उलटी फिरायला लागते. आणि आमच्या आईचं म्हणणं चक्र प्रदक्षिणेच्या दिशेनेच फिरलं पाहिजे, डावीकडून वर आणि उजवीकडून खाली. गौरीजेवणाच्या दिवशी लाइट गेली, परत आली, आणि आई स्वयंपाकघरातून येऊन बघते तर चक्र उलटं. "अरे उलटं फिरतंय, सरळ कर आधी." मग काय, बटण चालू-बंद, चालू-बंद, सहाव्या का सातव्या वेळी सरळ लागलं, तोपर्यंत सगळ्या सवाष्णी माझ्याकडे बघत होत्या.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. २०१८ ला थर्माकोल बंद झालं तेव्हापासून आमचं मखर पुठ्ठा, कागद आणि जुन्या साड्यांचं असतं. त्याच्या आत २३० व्होल्टची वायर, वर समई, खाली लहान पोरं. मला रात्री झोप लागायची नाही, उठून प्लग काढून यायचो. ५ व्होल्टचा मोबाईल चार्जर बाहेर भिंतीवर आणि मखरात फक्त ५ व्होल्ट, ही शांतता मला हवी होती.

म्हणून २०२५ ला स्टेपर. एक आधी ऑनलाइन मागवली, कुणाकडून ते जाऊ दे, तर आली १२ व्होल्टची. ही मोटर ५ आणि १२ अशा दोन्ही व्होल्टची मिळते आणि दिसायला डिट्टो सारखी, फरक फक्त पाठीवरच्या बारीक अक्षरात. ५ व्होल्टवर लावली तर फिरायची पण इतकी मरतुकडी की कागदाची चकती अडकवली तरी थांबायची. मी दोन संध्याकाळी कोडमधे चूक शोधत बसलो. शेवटी मल्टिमीटर लावला. लाल वायर ही सगळ्यांची कॉमन असते, बाकी नारिंगी, पिवळी, गुलाबी, निळी. लाल आणि या चारातली कुठलीही एक यांच्यात ५ व्होल्टवाल्या मोटरला साधारण ५० ओहम दिसायला पाहिजेत. माझ्याकडे बरेच जास्त आले. तेव्हा डबा उघडल्या उघडल्या पाठ वाचा.

मग गेलो बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास जी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत तिथल्या एकात. काउंटरवरचे काका मोटर काढायच्या आधीच विचारतात, "फिरवायचंय काय?" म्हटलं गणपतीमागचं चक्र. "वजन किती?" आता मी काही वजनबिजन केलेलं नव्हतं. म्हटलं पुठ्ठ्याचं आहे, हलकंच असेल. त्यांनी मोटर हातात दिली, म्हणाले शाफ्ट धरून हलव. हलवला तर चक्क डुगडुगत होता. "ही ढकलेल. पेलणार नाही. पेलायला बेअरिंग घे," आणि शेजारच्या हार्डवेअरवाल्याकडे बोट दाखवलं. दीडशे रुपयांच्या गिऱ्हाइकाला एवढा वेळ देणारा माणूस ऑनलाइन कुठे मिळणार. मोटर काउंटरवरच जोडून फिरवून दाखवली हे वेगळंच. मुंबईवाल्यांना हेच लॅमिंग्टन रोडला मिळेल, गर्दीची वेळ टाळून जा म्हणजे कोणी बोलेल तरी तुमच्याशी.

आता मोटरबद्दल. २८ म्हणजे तिचा व्यास, २८ मिलिमीटर, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा किंचित मोठी. शाफ्ट मधोमध नाही, एका बाजूला सरकलेला आहे, भोकं पाडताना हे विसरलात तर चक्र मखराच्या मध्यावर येत नाही आणि सात दिवस ते एकच दिसत राहतं तुम्हाला. आत प्लास्टिकचे गिअर आहेत, साधारण १:६४ चे. मोटर स्वतः एका फेरीला ३२ पावलं टाकते, गिअरमुळे बाहेरच्या शाफ्टच्या एका फेरीला २०४८ पावलं होतात. म्हणजे तुम्ही सांगाल तितकी हळू ती फिरते. मिनिटाला ४ फेऱ्या, १ फेरी, अर्धी फेरी, काहीही. पिवळ्या मोटरसारखं "अमुक स्पीडखाली अडकते" हा प्रकारच नाही, हीच तिची खरी गंमत. वरच्या बाजूला मात्र १०-१५ आरपीएमच्या पुढे तिची दमछाक होते, पण आपल्याला पंखा थोडीच करायचाय.

आमचं चक्र ४ आरपीएमवर ठेवलं, १५ सेकंदांत एक फेरी. ३ वर ठेवलं तर पाहुण्यांना फिरतंय हेच पटकन लक्षात येत नाही, ६ वर परत बाबांचा एक्झॉस्ट फॅन आठवायला लागतो. हे आपापल्या चक्राच्या आकारावर आहे, आमचं दीड फुटाचं.

जोर किती? डेटाशीटमध्ये ३४.३ मिलीन्यूटन-मीटर दिलाय, घरगुती भाषेत ३५० ग्रॅम-सेंटिमीटर. म्हणजे शाफ्टपासून १० सेंटिमीटरवर ३५ ग्रॅम उचलू शकते. ऐकायला काहीच नाही वाटत, आणि खरंच काहीच नाही, पण नीट तोललेलं चक्र फिरवायला जोर लागतच नाही. जोर लागतो तो एका बाजूला जड असलेलं चक्र वर चढवायला. आमच्याकडे वहिनीने चक्राला गोटा-पट्टी लावली, मोती लावले, मधे आरशाचे तुकडे, सगळं मिळून किचनच्या काट्यावर १८० ग्रॅम भरलं. मोटरला लावलं तर अर्धी फेरी छान, मग वर चढताना टकटकटक करत तिथेच. काढलं, सळईवर मोकळं लटकवलं, तर दर वेळी एकच बाजू खाली येऊन थांबायची. मग समोरच्या बाजूला पाठीमागून रुपयाची नाणी चिकटवत गेलो, पाच नाणी लागली, सायकलच्या चाकाला करतात तसंच. त्यानंतर कुठेही सोडलं तरी चक्र तिथेच उभं राहायला लागलं आणि मोटरने मुकाट्याने फिरवलं. फुकटचा उपाय आहे आणि माझ्या मते कुठल्याही महागड्या मोटरपेक्षा जास्त उपयोगाचा.

काकांनी सांगितलेलं बेअरिंग म्हणजे ६०८ नंबरचं, स्केटिंगच्या चाकात असतं ते, आत ८ मिलिमीटर भोक, बाहेर २२. चक्राचं वजन बेअरिंगवर, मोटर मागून फक्त फिरवते. शाफ्ट आणि चक्र जोडायला लोक थ्रीडी प्रिंट केलेला कपलर घेतात. मी कॅरमची एक काळी सोंगटी घेतली, मधोमध ५ मिलिमीटरचं भोक पाडलं आणि एम-सीलने बसवली. शाफ्ट ५ मिलिमीटरचा आहे पण दोन बाजूंनी घासून सपाट केलेला असतो, त्या सपाट जागेत एम-सील भरलं की घसरत नाही. पातळ इन्स्टंट ग्लूने करायला जाऊ नका, तो शाफ्टवरून ओघळून गिअरबॉक्समध्ये शिरतो आणि मग मोटर कायमची समाधिस्थ. कसं माहीत, विचारू नका. (कॅरमला आता आठच काळ्या आहेत.)

वायरिंग सोपं आहे. ड्रायव्हर बोर्डच्या चार पिना आर्डुइनो नॅनोच्या (आपला कोड चालवणारा छोटा बोर्ड) ८, ९, १०, ११ ला. पण इथे एक गोची आहे जिच्यात प्रत्येक जण सापडतो. आर्डुइनोची जी साधी स्टेपर लायब्ररी (मोटर फिरवायचा तयार कोड) आहे तिला पिना क्रमाने द्यायच्या नाहीत, ८, १०, ९, ११ असं लिहायचं. सरळ क्रमाने लिहिलं तर मोटर जागच्या जागी थरथरते, बोर्डावरचे चार दिवे मस्त लुकलुकतात आणि तुम्हाला वाटतं मोटर खराब आली. दुकानात परत घेऊन जाणारे यातलेच अर्धे असतात असं काका म्हणाले.

आणि मोटरला पॉवर नॅनोच्या पिनेतून देऊ नका, जुन्या चार्जरची ५ व्होल्टची वायर थेट ड्रायव्हर बोर्डला द्या, ग्राउंड (मायनस) तेवढा दोघांचा एकत्र करा. मोटर साधारण २०० मिलिअँपिअर खाते. पॉवरबँकवर चालवायचा विचार असेल तर ती कमी लोड बघून आपोआप बंद तर होत नाही ना हे आधी तपासा, माझी पॉवरबँक, चक्र दोन फेऱ्यांच्या मधे थांबवलं की लगेच झोपी जायची.

हो, कारण स्टेपर असल्यामुळे ते थांबवतापण येतं. ही गोष्ट मला आधी फारशी वाटली नव्हती पण तीच शेवटी सगळ्यात आवडली. चक्रावर एलईडी लावायचे होते. फिरत्या गोष्टीवर दिवे म्हणजे वायरीला पीळ बसणार, त्यासाठी स्लिप रिंग नावाचं एक छोटं यंत्र मिळतं, सहा वायरींचं, फिरत असतानाही करंट पलीकडे पोचवतं. सुंदर वस्तू आहे पण मला सांगितलेला भाव मोटरच्या पाचपट होता. मग सरळ कोडमध्ये लिहिलं, दोन फेऱ्या इकडे, तीन सेकंद थांब, दोन फेऱ्या तिकडे. वायर थोडी सैल ठेवली, दोन फेऱ्यांचा पीळ ती सहज पोटात घेते आणि उलट फिरताना सोडते. आईला उलट्या दिशेबद्दल काय सांगायचं हा प्रश्न होता, तर आरतीच्या वेळी दाबायला एक बटण ठेवलं, ते दाबलं की दिवे बंद आणि फक्त प्रदक्षिणेच्या दिशेने, तीन फेऱ्या झाल्या की थांब. आरती लांबली की पुन्हा दाबायचं आणि तीनच्या वर गेलं की वायरीला पीळ, म्हणून आरतीनंतर तेवढंच उलटं सोडवून घेणारा एक छुपा मोड. हे आईला अजून माहीत नाही.

दिवे जास्त लावायचा मोह आवरा. ते पट्टीवाले रंगीत डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पूर्ण पांढरे पेटले की एकेक ६० मिलिअँपिअर खातो, तीस लावले की १.८ अँपिअर, जुना चार्जर तिथेच मान टाकतो आणि चार्जर दमला की मोटर अडखळते. आम्ही बारा लावले, तेही मंद. पिवळसर मंद दिवा बाप्पामागे जास्त चांगला दिसतो, हे वहिनीचं मत आणि ते बरोबर निघालं.

आवाजाचं बोलतो. ही मोटर हळू चालताना बारीक टिकटिक-गुणगुण असं काहीतरी करते, हातात धरली तर ऐकूही येत नाही. पण प्लायवर स्क्रूने आवळली की ते प्लाय ढोलाच्या पानासारखं काम करतं आणि सगळ्या खोलीला ऐकू जातं. मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला आणि स्क्रू हाताने जेमतेम आवळा, ऐंशी टक्के आवाज गेला माझा. उरलेला हाफ स्टेपमध्ये चालवल्यावर कमी झाला, म्हणजे पावलं दुप्पट, ४०९६, पण प्रत्येक पाऊल लहान. साधी लायब्ररी ते करत नाही, त्याला ॲक्सेलस्टेपर लायब्ररी लागते, पिनांचा तो उलटासुलटा क्रम तिथेही तसाच. तिचा आणखी एक फायदा म्हणजे चक्र झटक्यात सुरू होत नाही, हळूहळू वेग घेतं आणि हळूहळू थांबतं. नुसत्या त्या एका गोष्टीमुळे ते खेळणं वाटायचं थांबलं आणि देखाव्यासारखं दिसायला लागलं.

गरम होते का? होते. थांबलेली असतानासुद्धा कॉइलमधून करंट चालू राहतो म्हणून थांबली तरी गरमच. थांबवताना चारही पिना बंद करायची एक ओळ टाका. आमचा गणपती गौरींबरोबर जातो, २०२५ ला २७ ऑगस्टपासून सात दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ मिळून सात-आठ तास तरी चालली असेल, हिशोब केला तर बारा हजारांच्या आसपास फेऱ्या होतात. हात लावला तर चटका नाही बसत पण चांगली कोमट-गरम लागते. पुठ्ठ्याला थेट चिकटवू नका एवढंच.

आता दिवाळी, कारण सगळा आत्मविश्वास तिथे उतरला.

गणपतीत जमलं म्हणून ठरवलं की आकाशकंदील फिरता करायचा. आजोबा सांगायचे त्यांच्या लहानपणीचा फिरता कंदील, आत मेणबत्ती, वर कागदाची पंख्यासारखी पाती, गरम हवा वर जाते आणि पाती फिरते, तिला चिकटवलेली हत्ती-घोड्यांची चित्रं फिरतात आणि बाहेरच्या पातळ कागदावर त्यांच्या सावल्या धावतात. मोटर नाही, काही नाही. त्यातली एक युक्ती मी सरळ उचलली, आतला दिवा स्थिर, फिरतो तो फक्त कागद. म्हणजे वायरीला पीळ बसायचा प्रश्नच मिटला आणि स्लिप रिंगचे पैसे दुसऱ्यांदा वाचले.

पहिला प्रयत्न असा की मोटर वर, शाफ्टला खाली थेट कंदील टांगला. घरात दोन तास झकास. वसुबारसेला गॅलरीत लावला. रात्री वारा सुटला, कंदिलाला वाऱ्याने एक गिरकी दिली आणि मोटर म्हणाली कड्. सकाळी उघडून बघितली (मागचं झाकण पत्र्याचं असतं, स्क्रूड्रायव्हरने उचकटतं), आतल्या एका पांढऱ्या गिअरचा दात गेलेला. मग नीट समजलं, या मोटरला धरून ठेवलंत तर काही होत नाही, गणपतीत भाचीने चक्र दोन्ही हातांनी धरून ठेवलेलं, मोटर नुसती टकटकली आणि सोडल्यावर परत फिरायला लागली. पण तिला बाहेरून जबरदस्तीने फिरवलंत की गिअर गेले. १:६४ ची ताकद उलट्या बाजूने प्लास्टिकच्या एवढ्याशा दातावर येते.

दुसऱ्या मोटरला तो धोका नको म्हणून रबर बँड लावला. मखराचं ६०८ सुटलेलं होतंच, अजून एक आणलं, दोन्ही एकाखाली एक, त्यांच्या आतून जुन्या छत्रीची पोकळ दांडी, नशिबाने बरोबर ८ मिलिमीटरची निघाली. दांडी वर फळीला पक्की, तिच्या पोकळीतून दिव्याची ५ व्होल्टची वायर खाली, आणि कंदील बेअरिंगच्या बाहेरच्या अंगाला बसवलेल्या डब्याच्या झाकणावर टांगलेला. मोटर बाजूला, तिच्या शाफ्टवर पुन्हा एक सोंगटी (आता सात), कडेने कानसीने खाच पाडून, आणि सोंगटी ते झाकण रबर बँड. झाकण सोंगटीच्या तिप्पट असल्याने मोटर १२ आरपीएमवर ठेवली की कंदील ४ वर. वारा आला की रबर बँड घसरतो, कंदील पाहिजे तितक्या गिरक्या घेतो, मोटरला पत्ताही लागत नाही. भाऊबीजेपर्यंत चालला, मधे पावसाची एक सर आली तेव्हा फक्त नॅनोवर प्लास्टिकची पिशवी बांधली. रबर बँड दोन दिवसांनी सैल पडतो, दोन रुपयांत दहा मिळतात, बदला.

मोठा, एक-दीड किलोचा कंदील असेल किंवा सोसायटीच्या गणपतीचं चार फुटी चक्र असेल तर मात्र ही मोटर नको. तिथे धातूच्या गिअरची १२ व्होल्टची १० आरपीएमवाली गिअर मोटर घ्या, माझ्या मित्राच्या सोसायटीत तीच आहे, घर्रर्र असा आवाज करते पण मंडपात कोणाला ऐकू जातोय. आपल्या पुण्यातल्या हलत्या देखाव्यांत राक्षसाचा हात वर-खाली होतो ना, ते काम तर या कुठल्याच मोटरचं नाही, तो पूर्ण वेगळा आणि कितीतरी जड मामला आहे.

मार्क द्यायचे तर पाचापैकी चार. अर्धा कापला तो गिअरसाठी आणि अर्धा त्या पाठीवरच्या बारीक अक्षरांसाठी, ५ आणि १२ व्होल्टच्या मोटरींना निदान वेगवेगळा रंग तरी द्यावा. दीडशे रुपयांत इतकं ऐकणारी दुसरी मोटर मला मिळालेली नाही. ज्याला एका संध्याकाळीत काम उरकायचंय, कोड लिहायचा नाही आणि दिशेचं सोयरसुतक नाही त्याने सिंक्रोनस घ्यावी, फक्त २३० व्होल्टची जोडणी कोणा जाणकाराकडून करून घ्यावी आणि कापडापासून लांब ठेवावी.

आणि घ्याल तेव्हा दोन घ्या. आमचं चक्र विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माळ्यावर ठेवायला काढलं तेव्हा भाच्याने "हे बंद असताना फिरतं का" म्हणून गरागरा फिरवून बघितलंच.